बाटलीवरचं गाव

अर्धापूरची केळी म्हटलं की नांदेडकरांना आणखी काही सांगावं लागत नाही. गावाचं नाव हीच मालाची ओळख. इटलीतल्या टस्कनी प्रांतात वाइनचं असंच आहे. तिथल्या नामांकित बाटल्यांवर ठळक अक्षरांत द्राक्षाची जात नसते; गावाचं किंवा परगण्याचं नाव असतं. हौसेनं वाइनची चव घेणाऱ्याला ही नावं कळली की अर्धं कोडं सुटतं.

टस्कनीचं मुख्य काळं द्राक्ष एकच, सांजोवेझे. फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधल्या टेकड्यांवर त्याची 'कियांती क्लासिको' होते. तिच्यात किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं. दक्षिणेला मोंताल्चिनो गावी निव्वळ याच द्राक्षाची 'ब्रुनेल्लो' करतात. द्राक्षं काढल्यानंतरचं पाचवं वर्ष उजाडेपर्यंत ती विकताच येत नाही. द्राक्ष तेच, पण माती, उंची आणि मुरवण्याची रीत बदलली की चव बदलते. कियांतीला चांगला आंबटपणा असतो, म्हणून टोमॅटोच्या रश्श्याशी किंवा मटणाशी तिचं जमतं. तिकडं ती जेवताना घोट-घोट घ्यायची गोष्ट आहे.

पण नावाला किंमत आली की त्या नावावर डोळा ठेवणारेही येतात. म्हणून १७१६ साली मेदिची घराण्यातल्या ड्यूक कोझिमो तिसरा यानं फर्मान काढून कियांतीसह चार परगण्यांच्या सीमा ठरवून दिल्या. १९२४ मध्ये कियांतीच्या उत्पादकांनी संघ स्थापन केला. काळा कोंबडा ही त्यांची खूण. तरीही १९३२ मध्ये सरकारनं आसपासच्या मोठ्या टापूला 'कियांती' हे नाव वापरू दिलं आणि मूळ टापूला 'क्लासिको' हे बिरुद लावून वेगळं उरावं लागलं. पुढं गवताचं वेष्टन असलेल्या बाटल्यांतून स्वस्त, पातळ वाइन जगभर गेली. नाव मोठं, लक्षण खोटं! गेलेली पत परत मिळवायला नियम कडक करावे लागले. २००६ पासून तर क्लासिकोत पांढरी द्राक्षं मिसळायलाही बंदी आली.

हेच सांजोवेझे आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातही आलं आहे. अकलूज परिसरात मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची या बंधूंनी मिळून 'फ्रातेल्ली' वाइन सुरू केली. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. टस्कनीत वेल थंडीत झोपतो आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतं. आपल्याकडं एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणी. त्यामुळं द्राक्ष इटलीचं असलं तरी चव अकलूजचीच.

वाइन न पिणाऱ्यांनाही यात घेण्यासारखं आहे. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावाचं नाव आता कायद्यानं राखलेलं आहे. मात्र कायदा सीमा आखून देतो, पत राखत नाही. दुसरीकडची डाळ बोरसुरीच्या नावानं पोत्यात भरली, तर पहिल्या वर्षी व्यापाऱ्याला चार पैसे जास्त सुटतील. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक बोरसुरीच्या शेतकऱ्यालाही साध्या डाळीचाच भाव देईल. कियांतीला हे कळायला बरीच वर्षं लागली. आपल्याला ते आजच माहीत आहे.