हॉकीची काठी आणि घरचं अंगण

आजच्या बोलण्याचा विषय जरा वेगळा आहे. स्वयंपाक नाही, शिवण नाही, बचत गटाचा हिशोबही नाही. आज आपण हॉकीबद्दल बोलणार आहोत. मुलांना, आणि विशेष करून मुलींना, हॉकीचा सराव घरच्या घरी कसा करून घ्यायचा, हे सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, श्रीपुरात हॉकी कुठून आली? इथं कारखान्याचा भोंगा, उसाच्या गाड्या आणि पोरांची कुस्ती, खो-खो. पण आपल्या माळशिरस तालुक्याची शीव ओलांडली की फलटण तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. २०२४ साली बिहारमधल्या राजगीरला भारतानं आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला, त्या संघातही ती होती. त्याच तालुक्यातल्या वाखरीची अक्षता ढेकळेसुद्धा भारताकडून खेळली आहे. म्हणजे आपल्यासारख्याच उसा-ज्वारीच्या रानातून या मुली गेल्या. तेव्हा हा खेळ आपला नाही, असं म्हणायचं कारण उरलेलं नाही.

अडचण आहे ती मैदानाची. मोठ्या स्पर्धा आता हिरव्या किंवा निळ्या टर्फवर होतात. पुण्याला बालेवाडीत टर्फ आहे, पण ती काही रोज जाऊन यायची जागा नाही. मग खेळ शिकायचा कसा?

याचं उत्तर लडाखच्या मुलींकडं बघितलं की सापडतं. तिथं बर्फावरची हॉकी खेळतात. पायात धारदार पट्टीचे बूट आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. तलाव गोठतात ते कडाक्याच्या थंडीतच, म्हणजे नैसर्गिक बर्फ वर्षातून दोन-अडीच महिनेच मिळतो. बाकीचे महिने बर्फाविना हात-पाय तयार ठेवावे लागतात. तरीही २०२५ साली भारताच्या महिला संघानं आइस हॉकीच्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, आणि त्या संघात बहुतेक मुली लडाखच्या होत्या. त्यांना बर्फ दोन महिने, आपल्या मुलींना टर्फ कधीमधी. दोघींचा प्रश्न एकच, आणि मार्गही एकच. जे मैदानाशिवाय होण्यासारखं आहे, ते रोज घरी करायचं.

हॉकीत असं बरंच काही आहे. काठीवर चेंडू खेळवणं, आलेला चेंडू थांबवणं, ढकलून देणं, मान वर ठेवून बघणं आणि पायांची चपळाई. या पाच गोष्टींना अंगण पुरतं.

आधी साहित्य बघू. हॉकीच्या काठीची एकच बाजू सपाट असते, डावीकडची. खेळायचं त्या सपाट बाजूनं; पाठीमागची गोलसर बाजू चेंडूला लागली तर नियमभंग होतो. आणखी एक लक्षात ठेवा, डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी नसते. सगळे एकाच प्रकारच्या काठीनं खेळतात. तेव्हा मुलगी डावखुरी आहे म्हणून तिला मागं ठेवू नका. उलट या खेळात काठी फिरवण्याचं मुख्य काम डाव्याच हाताचं असतं.

काठी किती उंच हवी? मुलीच्या पायाशेजारी उभी धरली की तिचं टोक कमरेच्या हाडाशी यावं. ‘पुढं वाढेल’ म्हणून आपण गणवेश मोठा घेतो, तशी काठी मोठी घेऊ नका. मोठी आणि जड काठी धरली की मूल वाकडं उभं राहतं आणि ती सवय पुढं जाता जात नाही. नवी काठी लगेच घेणं जमत नसेल तर शाळेतल्या जुन्या काठ्यांची चौकशी करा. धनराज पिल्ले पुण्याजवळच्या खडकीत वाढले. लहानपणी ते मोडक्या काठ्या दोरीनं बांधून आणि टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळत. पुढं ते चार ऑलिंपिक खेळले. भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली झारखंडची सलीमा टेटेही लहानपणी बांबूच्या काठीनं खेळायची.

घरी खरा हॉकीचा चेंडू वापरू नका. तो दीडशे ग्रॅमच्या वर भरतो आणि दगडासारखा टणक असतो. नडगीवर किंवा धाकट्या भावंडाच्या तोंडावर बसला तर इजा होते. त्याऐवजी टेनिसचा चेंडू घ्या. तोही नसेल तर जुन्या मोज्यात चिंध्या घट्ट भरून शिवून टाका. तो उसळत नाही, त्यामुळं नवशिक्या मुलांना बराच सोपा जातो. जमीन कोब्याची किंवा फरशीची असेल तर चेंडू जोरात पळतो, शेणानं सारवलेल्या अंगणात सावकाश जातो. सुरुवात सावकाश जमिनीवर करावी आणि हात बसला की फरशीवर यावं.

आता प्रत्यक्ष सराव. रोज वीस मिनिटं पुरेत. पाच-पाच मिनिटांचे चार भाग करा.

पहिली पाच मिनिटं काठीवर चेंडू खेळवण्याची, म्हणजे ड्रिबलिंगची. डावा हात काठीच्या वरच्या टोकाला, उजवा साधारण मध्यावर. डावा हात कुलपात किल्ली फिरवावी तसा फिरतो. उजवा हात म्हणजे सैल बांगडी. काठी तिच्यात मोकळी फिरली पाहिजे. मुलं बहुतेक वेळा उजव्या हातानं काठी आवळून धरतात, तिथंच सगळं अडतं. चेंडू उजवीकडून डावीकडं न्यायचा, काठी उलटी करायची, चेंडूवर टेकवायची आणि परत उजवीकडं आणायचा. हे आधी एका जागी उभं राहून करावं. जमलं की अंगणात चार-पाच चपला एका ओळीत, दोन-दोन पावलांच्या अंतरानं मांडा आणि त्यांच्यामधून चेंडू वळवत न्यायला सांगा. नारळाच्या करवंट्याही चालतात.

उभं राहायची पद्धत बघा. पाट्यावर वाटण वाटताना आपण कमरेतून वाकतो, तसं नको. गुडघे वाकवायचे, पाठ शक्य तितकी सरळ ठेवायची आणि चेंडू पायात नाही, उजव्या पावलाच्या थोडा पुढं ठेवायचा. दोन-तीन मिनिटांनी एकदा ताठ उभं राहून पाठ मोकळी करायला सांगा.

दुसरी पाच मिनिटं थांबवण्याची आणि ढकलण्याची. घराच्या भिंतीपासून चार-पाच पावलांवर मुलीला उभं करा. चेंडू भिंतीकडं ढकलायचा, परत येईल तो काठीनं थांबवायचा, पुन्हा ढकलायचा. ढकलताना काठी मागं उगारायची नाही; ती चेंडूला टेकवूनच पुढं न्यायची. थांबवताना हात सैल हवेत. कुणी आपल्याकडं अंडं टाकलं तर आपण झेलताना हात थोडा मागं नेतो, तसंच. काठी घट्ट धरली की चेंडू आपटून लांब पळतो. काठीचं वरचं टोक थोडं पुढं झुकवलं म्हणजे चेंडू तिच्याखाली अडतो, वर उडत नाही. शेजारच्या भिंतीवर धपधप नको असेल तर भिंतीला जुनं टायर टेकवून ठेवा. घरात भावंड असेल तर भिंतीची गरज नाही. दोघांनी एकमेकांना चेंडू द्यावा.

तिसरी पाच मिनिटं नजरेची, आणि इथं आईचं काम फार मोलाचं आहे. नवशिकं मूल चेंडूकडंच बघत राहतं. मैदानात तसं केलं तर मैत्रीण कुठं मोकळी आहे ते दिसत नाही आणि समोरची चेंडू काढून नेते. म्हणून मुलगी चेंडू खेळवत असताना तुम्ही समोर बसून हाताची बोटं दाखवा. किती बोटं आहेत ते तिनं चेंडू न थांबवता सांगायचं. भाजी निवडता निवडता हे करता येतं. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हाताची तीन बोटं वर. चार-सहा आठवड्यांत तिची मान आपोआप वर राहू लागेल. यासाठी आपल्याला हॉकी यावी लागत नाही, बोटं मोजता आली की झालं.

चौथी पाच मिनिटं पायांची. रांगोळीनं किंवा खडूनं अंगणात शिडी काढा, दहा घरांची. एका घरात दोन्ही पाय टाकत भरभर पुढं जायचं, मग आडवं चालत, मग उलटं. शेवटी दोरीवरच्या उड्या. यासाठी पायात बूट असावेत; अनवाणी नको.

घरी काय करायचं नाही, तेही सांगून ठेवतो. काठी खांद्यापर्यंत उगारून जोरात फटका मारायचा सराव घरी करू नये. तो मैदानात, शिकवणाऱ्यांच्या नजरेखालीच करावा. चेंडू मुद्दाम उचलून मारायचा नाही. सराव रस्त्यावर करायचा नाही, कितीही गुळगुळीत डांबर असलं तरी. गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, त्यांना पटकन थांबता येत नाही. चेंडू रस्त्यावर गेला तर तो मोठ्या माणसानं आणायचा, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्या. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावरच खेळावं आणि पाण्याचा तांब्या जवळ असावा.

आता आईनं काय करायचं? हरियाणातल्या शाहाबादची राणी रामपाल भारताची कर्णधार झाली. तिच्या कप्तानीत आपला महिला संघ टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा आला. राणीचे वडील गाडा ओढायचे. घरात घड्याळ नव्हतं. पहाटेच्या सरावाला उशीर होऊ नये म्हणून तिची आई आकाशाकडं बघून वेळेचा अंदाज घ्यायची आणि तिला उठवायची. त्या माउलीनं हॉकी शिकवली नाही. तिनं वेळ राखून दिली. आपल्याकडून एवढंच अपेक्षित आहे. रोजची ती वीस मिनिटं कुणी मोडू नयेत. ‘आधी भांडी घास, मग खेळ’ हे मुलाला म्हणत नसू तर मुलीलाही म्हणू नये.

दुसरं काम मोजण्याचं. एका मिनिटात चेंडू न सुटता किती वेळा इकडून तिकडं गेला, ते वहीत तारखेसह लिहा. आजचा आकडा तिच्याच कालच्या आकड्याशी ताडून बघा. भावाशी नाही, शेजारच्या मुलीशी नाही. आणि चूक झाली की लगेच ओरडू नका. हात बसेपर्यंत चेंडू सुटणारच.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की पुष्कळ घरांत खेळ थांबतो. मैदान लांब, संध्याकाळची वेळ, सोबत नाही, त्यात पाळी सुरू झालेली. या काळजीत खोटं काही नाही. पण म्हणून काठी माळ्यावर टाकू नका. बाहेरचं मैदान वर्षभर सुटलं तरी अंगणातली वीस मिनिटं चालू राहिली तर हातातला खेळ टिकतो, आणि सोय झाली की मुलगी पुन्हा उभी राहू शकते. पाळीच्या दिवसांत त्रास होत नसेल तर सराव करायला काही हरकत नाही. त्रास होत असेल तर विश्रांती घ्यावी. सारखा थकवा जाणवत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरावानंतर भूक लागते, तेव्हा बिस्किटाच्या पुड्याऐवजी भाकरी-उसळ, शेंगदाणा-गूळ, जमेल तर अंडं किंवा दूध द्या.

घरचा सराव कुठवर नेतो, याचीही कल्पना असू द्या. अकरा जणींच्या संघात कुठं उभं राहायचं, चेंडू कसा हिसकावायचा, गोलवर कसं जायचं, हे अंगणात शिकता येत नाही. त्यासाठी शिकवणारा आणि संघ हवा. म्हणून शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना भेटा. शालेय हॉकी स्पर्धा आणि नेहरू चषक स्पर्धा जिल्हा पातळीपासून सुरू होतात. आपल्या शाळेचा संघ उतरतो का, ते विचारा. पाच-सहा आया मिळून विचारायला गेल्या तर शाळेलाही उत्तर द्यावं लागतं. राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनीही आहे. तिच्यासाठी मुलांची धाव, उडी, चेंडूफेक, लवचीकता अशा चाचण्या घेतात आणि निवड झालेल्या मुलांच्या राहण्या-शिकण्याची व खेळाची सोय करतात. त्या चाचण्या कधी आहेत हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कळेल. आपली मुलगी देशाकडून खेळेलच असं कुणी सांगू शकत नाही. पण चाचणीच्या दिवशी ती दमसास आणि चपळाई घेऊन उभी राहील, एवढं आपल्या हातात आहे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात तीन गोष्टी करा. काठीची चौकशी, मोज्याचा चेंडू आणि एक वही. वीस मिनिटं कोणती, ते मुलीलाच ठरवू द्या. वहीत पहिल्या दिवशीचा आकडा सात असो की सत्तर, तो लिहून ठेवा, आणि महिन्यानं तिच्यासोबत बसून ती वही पुन्हा उघडा.