डाळिंब विका, औषध नको!

कोल्हापुरात डाळिंबाचा ज्यूस किंवा दाण्यांचे कप विकायचा विचार करताय? मग आधी माल नीट समजून घ्या.

सांगोला, आटपाडी भागात ‘भगवा’ वाण मुबलक पिकतो. 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 4 ग्रॅम फायबर, 10 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 13-14 ग्रॅम साखर असते. लाल रंग अँथोसायनिनचा. ज्यूस गाळला की फायबर चोथ्यात जातं आणि साखर ग्लासात राहते. म्हणून शुगरवाल्या गिऱ्हाइकाला ज्यूसपेक्षा दाण्यांचा कप बरा, तोही मापात.

साल फेकताय? थांबा! प्युनिकॅलॅजिन हे पॉलिफेनॉल सालीतच जास्त असतं. वाळवलेल्या सालीची पावडर काष्ठौषधींच्या दुकानात विकली जाते. बियांच्या तेलात प्युनिसिक आम्ल असतं. प्रक्रियेची माहिती हवी तर सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे चौकशी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेबलवर ‘रक्त वाढवतो’, ‘हार्टचा आजार बरा करतो’ असलं काही छापू नका. दाण्यात लोह फारसं नसतं, आणि खाद्यपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा कायद्याने चालत नाही. तक्रार झाली तर माल अडकेल, भांडवलही. एफएसएसएआय नोंदणी, खरे घटक, तारीख एवढं चोख ठेवा. गिऱ्हाईक चवीसाठी एकदा येतं, विश्वासामुळे परत येतं!