गोल करवतीचे रूळ

आमच्या सुतारखान्यांत गोल करवतीचें एक जुनें टेबल आहे. बिडाचा जड पृष्ठभाग, त्यांतील फटींतून वर आलेलें २५० मिलिमीटर व्यासाचें पातें, आणि लांकूड टेकवून सरळ पुढें सारण्यासाठीं एक आडपट्टी, जिला कारागीर 'फेन्स' म्हणतात, अशी त्याची रचना. ही पट्टी ज्या दोन दांड्यांवर डावी-उजवीकडे सरकते त्यांस आम्ही या लेखांत रूळ म्हणूं. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत हे रूळ आम्हीं येथेंच तयार केले. त्याविषयीं कित्येक पालकांनीं विचारणा केल्यावरून ही हकीकत लिहीत आहों.

कारण असें घडलें. आमचे मिस्त्री एके दिवशीं सागाची फळी चिरीत असतां ती मध्येंच अडकली व क्षणार्धांत उलट फेंकली जाऊन पाठीमागच्या भिंतीवर आदळली. गिलाव्याचा मोठा पोपडा खालीं आला. जेथें ती आदळली तेथें थोड्याच वेळापूर्वीं नववीचा एक मुलगा उभा होता. कोणास इजा झाली नाहीं, ही देवाची कृपा. परंतु त्या दिवसापासून आम्हीं टेबलाची वीज तोडून ठेविली.

फळी अशी फेंकली कां जाते? पात्याचे पुढचे दांत लांकडास खालीं दाबितात. मागचे दांत मात्र टेबलांतून वर येत असतात. आडपट्टी मागल्या अंगास पात्याकडे झुकलेली असेल, तर लांकूड या मागच्या दांतांवर दाबलें जातें. ते त्यास उचलतात आणि काम करणाराच्या अंगावर भिरकावतात. मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या एवढ्या पात्याच्या दांताची गति सेकंदास सुमारें ३९ मीटर, म्हणजे ताशीं १४० किलोमीटर भरते. पात्यामागें उभा पोलादी पत्रा असल्यास हें भय पुष्कळ कमी होतें. आमच्या यंत्रास तो नव्हता. तोही आतां बसविला आहे.

मिस्त्रींनीं पुढच्या रुळास दोरा ताणून पाहिला, तेव्हां तो मध्यें जवळजवळ दोन मिलिमीटर वांकलेला आढळला. फार वर्षांपूर्वीं यंत्र एका खोलींतून दुसरींत नेतांना रुळांस धरून उचललें होतें, त्याचें हें फळ. यंत्र करणारे आतां त्याचे सुटे भाग पुरवीत नाहींत. आम्ही चिंतेंत पडलों, तों मिस्त्री म्हणाले, "मास्तर, अँगल बाजारांत मिळतो, चौकोनी पाइपही मिळतो. आपणच करूं या."

आमच्या टेबलाची रचना अमेरिकेंतील बीझमायर यांनीं प्रचारांत आणिलेल्या पद्धतीची आहे. टेबलाच्या पुढच्या कडेस एक लोखंडी अँगल, त्यावर चौकोनी पाइप, आणि पाइपाच्या आंतल्या बाजूस आडपट्टीचें डोकें घट्ट टेकतें. गुण्याची जशी बैठक, तसें हें डोकें. तें रुळास ३०० मिलिमीटर लांबीवर टेकतें व पट्टी ७५० मिलिमीटर लांब आहे. तेव्हां डोक्याच्या दोन टोकांपाशीं रुळांत अर्ध्या मिलिमीटराचा फरक पडला, तर पट्टीच्या दूरच्या टोकास तो अडीचपट, म्हणजे सव्वा मिलिमीटर होतो. मुलांनीं समरूप त्रिकोणांचा उपयोग विचारावा तो हा. मागचा रूळ केवळ पट्टीचें ओझें धरितो. तो किंचित् वांकडा असला तरी चालतें.

म्हणून सर्व दक्षता पुढच्या पाइपाविषयीं. ७५ बाय ५० मिलिमीटरांचा, ३ मिलिमीटर जाडीचा पाइप आम्हीं घेतला. वखारींत एक डोळा मिटून लांबीवरून नजर टाकावी, म्हणजे वांक दिसतो. त्याहून चांगली युक्ति अशी कीं दोन पाइप एकमेकांस लावून मधून उजेड दिसतो कीं काय तें पाहावें. मग एकाची कूस बदलून पुन्हां लावावे. दोन्ही वेळां फट न दिसेल तर ते सरळ. आम्हांस पांच पाइप उलटसुलट करावे लागले. दुकानदार कांहींसा वैतागला, पण त्यानें चहाही पाजला.

पाइप अँगलास वेल्डिंगनें जोडावा असें पुष्कळांस वाटेल. तसें करूं नये. वितळलेलें लोखंड निवतांना आकसतें व सरळ दांडा धनुष्यासारखा ओढून घेतें. आम्हीं पाइपाच्या खालच्या अंगास टॅपनें ६ मिलिमीटरांचे आटे पाडिले व खालून बोल्ट लाविले. टेबलाच्या भोंकांची जागा मोजून काढण्याऐवजीं कडेवर कागद दाबून शिसपेन्सिल घासली; भोंकें आपोआप उमटलीं. अँगलांत मात्र ८ मिलिमीटरांच्या बोल्टासाठीं १० मिलिमीटरांचें भोंक पाडावें, म्हणजे रूळ वरखालीं करितां येतो.

एक चूक आम्हांकडून झालीच. टेबलावर सरकत्या गुण्यासाठीं ज्या लांब खांचा असतात, त्यांच्या समोर मागच्या अँगलांत गाळे ठेवावयाचे राहून गेले. सर्व बसवून झाल्यावर गुण्याची पट्टी अँगलास थडकली. अँगल पुन्हां उतरविला, आणि दहावीच्या मुलांनीं कानशीनें दोन दिवस घासून गाळे केले.

जुळणी करितांना प्रथम यंत्राची वीज तोडावी. पात्याच्या एका दांतावर खूण करून तो पुढें असतां खांचेपासूनचें अंतर मोजावें. मग पातें हातानें फिरवून तोच दांत मागें आणून पुन्हां मोजावें. दोन्ही मापें सारखीं आलीं म्हणजे आडपट्टी त्याच खांचेशीं समांतर करावी. मागल्या टोकास एका कागदाच्या जाडीइतकी ती पात्यापासून दूर असल्यास हरकत नाहीं; जवळ मात्र कदापि नसावी. मग एक फळी चिरून तिची कापलेली बाजू पाहावी. मागच्या दांतांचे ओरखडे उमटले असतील तर पुन्हां जुळवावें. आमचे तिसऱ्या खेपेस नाहींसे झाले.

रुळावरील मोजपट्टी सर्वांत शेवटीं, एक तुकडा कापून व मोजून मगच चिकटवावी. यंत्र मिस्त्रीच चालवितात. मुलांकडे दर महिन्यास दोरा ताणून रूळ पाहण्याचें काम आहे, आणि त्याची वही सुतारखान्याच्या दारामागें टांगलेली आहे.