गरोदर मातेचे रक्त राखा – हिवताप टाळा, पाळणा लांबवा



पोटातले बाळ नऊ महिने आईच्या रक्तावर वाढते. आईच्याच अंगात रक्त नसेल तर बाळाला कोठून मिळणार? हिवताप, निकस आहार आणि लागोपाठची बाळंतपणे ही रक्त कमी होण्याची मोठी कारणे आहेत. तिन्हींवर उपाय आहेत.

हिवताप का वाईट?
हिवतापाचे जंतू रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. त्यामुळे गर्भ पडण्याची, बाळ कमी वजनाचे होण्याची भीती असते. आधीच अशक्त असलेल्या बाईचे बाळंतपणात थोडे जास्त रक्त गेले तरी जिवावर बेतते.

डास कोठे होतात?
हिवतापाचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपल्याकडे विहिरी, पाण्याच्या टाक्या, पावसाळ्यातली डबकी आणि नव्या बांधकामांवर साठवलेले पाणी, सगळीकडे त्याला जागा आहे. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, हंडे रिकामे करून घासा व कोरडे ठेवा. टाकीला घट्ट झाकण लावा. विहिरीत गप्पी मासे सोडा. हा डास रात्री चावतो, तेव्हा गरोदर बाईने रोज मच्छरदाणीतच झोपावे.

थंडी वाजून ताप आला तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. घरातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. हिवतापाची काही औषधे गरोदरपणी चालत नाहीत. दिवस गेले आहेत हे डॉक्टरांना आधी सांगा.

रक्त कसे वाढेल?
दम लागणे, चक्कर येणे, डोळ्यांची आतली बाजू पांढरी दिसणे ही रक्त कमी असल्याची लक्षणे. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी नसावे. 7 पेक्षा कमी असेल तर ताबडतोब दवाखान्यात जा. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, अशी निदान 180 दिवस घ्या. बाळंतपणानंतरही तितकेच दिवस घ्या. गोळी चहाबरोबर नको. शौचाला काळे झाले तरी घाबरू नका, गोळी बंद करू नका. जेवणात नाचणी, हिरवा माठ, शेवग्याचा पाला, चवळी, सुकट असू द्या. वर लिंबू पिळा.

पाळणा लांबवा
एका बाळंतपणात गेलेले रक्त भरून यायला वेळ लागतो. अंगावर पिणारे मूल असताना पुन्हा दिवस गेले, तर आई रित्या अंगानेच दुसरे ओझे उचलते. म्हणून दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. निरोध, तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी ही साधने सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नवराबायकोने बरोबर जाऊन सल्ला घ्यावा. भाऊ, ही जबाबदारी एकट्या बाईची नाही. मच्छरदाणी बांधणे, गोळीची आठवण करणे, तपासणीला सोबत जाणे हे तुमचेही काम आहे.

रात्री मच्छरदाणी, रोज एक गोळी, दोन मुलांत अंतर –
आई राहील धडधाकट, बाळ होईल गुटगुटीत!