गोंगाटात दडलेली स्पंदने

शिवडीच्या जेट्टीवरून ओहोटीच्या चिखलात उतरलेले रोहित पक्षी डोळे भरून पाहावेत आणि अटल सेतूने खाडी ओलांडून पनवेलची वाट धरावी, म्हणजे नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था लागते. येथील अवकाश-प्लाझ्माच्या अभ्यासाचा धागा जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या ज्या शास्त्रज्ञाशी जुळतो, ते हिरोशी मात्सुमोतो.

सूर्याच्या विरुद्ध बाजूस पसरलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय शेपटात एक विद्युत्-गोंगाट उपग्रहांना वारंवार आढळे. परंतु जुनी उपकरणे कोणत्या कंपनसंख्येवर किती शक्ती, एवढाच सरासरीचा हिशेब पृथ्वीवर धाडीत असल्यामुळे त्या गोंगाटाचे मूळ स्वरूप उमगत नसे. २४ जुलै १९९२ रोजी जपान व अमेरिका यांच्या सहकार्याने 'जिओटेल' उपग्रह झेपावला. त्यावरील प्लाझ्मा-तरंग उपकरणाची धुरा मात्सुमोतो यांच्याकडे होती, आणि त्या उपकरणात तरंगाचा प्रत्यक्ष आकारच टिपून घेण्याची सोय होती. लालबागच्या मिरवणुकीचा दुरून नुसता गलका ऐकू यावा आणि जवळ जाताच ताशावरचा ठोका न् ठोका निराळा कळावा, तसे झाले. विद्युत्-क्षेत्र क्षणभर एका दिशेस उसळते, लागलीच उलट दिशेस वळते आणि शांत होते. सारा प्रकार काही सहस्रांश सेकंदांत आटोपतो! १९९४ साली मात्सुमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या 'एकाकी तरंगां'चा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

कारणमीमांसेत मात्र एकवाक्यता झाली नाही. इलेक्ट्रॉनांचे प्रवाह एकमेकांत घुसताना काही इलेक्ट्रॉन विभवाच्या उंचवट्यात अडकतात, असे क्योतोच्या योशिहारू ओमुरा प्रभृतींनी संगणकीय प्रयोगांनी दाखविले; तर भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे माजी संचालक गुरबक्ष लखिना आणि सत्यवीर सिंग यांनी प्लाझ्मातील ध्वनिसदृश एकाकी लहरींचा पर्याय गणिताने मांडला. विद्वानांच्या या वादात वैर नव्हते, याचा दाखला म्हणजे याच संस्थेतील अमर व भारती काकड यांनी २०१३ साली ओमुरांसह अशाच लहरींवर लिहिलेला शोधनिबंध.

मात्सुमोतो पुढे २००८ पासून सहा वर्षे क्योतो विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि २०१५ ते २०२२ या काळात 'रिकेन' या नामांकित संशोधनसंस्थेचा कारभार त्यांनी पाहिला. या अधिकारपदांचा मान मोठा खरा. तथापि प्लाझ्माच्या अभ्यासकांत त्यांचे नाव टिकेल ते, माझ्या मते, सरासरीवर विसंबून न राहता तरंगाचा आकार पाहण्याच्या हट्टामुळेच.