जुन्या मोटारीतील हवेची पिशवी



आमचा एक भाचा अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो शहरी नोकरीला आहे. तेथे बस वेळेवर मिळत नाही म्हणून त्याने मागल्या वर्षी एक जुनी मोटार विकत घेतली. गाडी जपानी बनावटीची, २००२ सालची. फोटो पाठवून त्याने कळविले, "मामा, वीस वर्षांहून जुनी आहे, पण इंजिनाचा आवाज ऐकाल तर नवीच म्हणाल!" आम्हांलाही बरे वाटले. आमची स्वतःची पहिली गाडी रिकंडिशनच होती, तेव्हा जुन्या गाडीला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. गाडीच्या डॅशबोर्डवर एक तांबडा दिवा लागून राहिला होता, विझतच नव्हता. दिव्यात खुर्चीवर बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर एक गोल चेंडू असे चित्र. विकणाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, "तो दिवा जुन्या गाड्यांत लागतोच, लक्ष देऊ नका."

आम्ही पडलो शाळामास्तर. यंत्रातले आम्हांला काही कळत नाही; पण "लक्ष देऊ नका" असे कोणी म्हटले की लक्ष द्यावे, एवढे वर्गातली इतकी वर्षे शिकवून गेली आहेत. आम्ही भाच्याला सांगितले, "बाळा, गाडी दारात उभी कर आणि आधी चौकशी कर." त्या चौकशीच्या निमित्ताने आम्हीही वाचायला बसलो. जे वाचले ते आपल्या बेटावरील प्रत्येक गाडीवाल्या घराने जाणून घ्यावे असे वाटले, म्हणून हा लेख.

तो चेंडू म्हणजे एअरबॅग, हवेची पिशवी. ती स्टिअरिंगच्या मधोमध घडी घालून ठेवलेली असते. समोरून जोराची धडक बसली की धातूच्या एका लहान डब्यातील रसायन पेटते, त्याचा वायू होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगून चालकाची छाती व डोके सावरते. अमेरिकेत १९९८ च्या सुमारापासून प्रत्येक नव्या मोटारीत पुढच्या दोन्ही जागांसाठी ती सक्तीची झाली. २०१७ पर्यंत या पिशव्यांनी तेथे पन्नास हजारांहून अधिक प्राण वाचविले असा सरकारी अंदाज आहे. तेव्हा पिशवी वाईट, असे कोणी समजू नये. वाईट निघाला तो एका कंपनीचा डबा.

ती कंपनी म्हणजे जपानची टकाटा. तिच्या पिशव्या होंडा, टोयोटा, निसान, फोर्ड, बी. एम. डब्ल्यू. अशा कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसविलेल्या होत्या. डब्यात तिने अमोनियम नायट्रेट वापरले, कारण ते स्वस्त. हे नाव आपल्या ऊसवाल्यांना नवे नाही. खताच्या कामी येणारा हाच पदार्थ. खताची गोणी पावसाळी हवेत उघडी राहिली तर आतले दाणे ओलावा पिऊन कसे घट्ट होतात, ते आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. आणि हाच पदार्थ कसा फुटतो, ते २०२० च्या ऑगस्टमध्ये बैरूत बंदरावर साऱ्या जगाने पाहिले. मोटारीत तर तो वर्षानुवर्षे राहतो. दिवसा उन्हात तापतो, रात्री थंड होतो, थोडा थोडा ओलावा शोषतो. त्याच्या गोळ्या आतून ठिसूळ होतात. मग धडकेच्या वेळी त्या जळाव्यात त्याहून फार वेगाने जळतात, धातूचा डबाच फुटतो आणि त्याचे तुकडे समोर बसलेल्याच्या मानेत व चेहऱ्यात शिरतात.

२००९ च्या मे महिन्यात ओक्लाहोमा राज्यात १८ वर्षांची एक मुलगी आपल्या भावाला आणायला शाळेत गेली. शाळेच्या आवारातच तिच्या २००१ सालच्या होंडा अ‍ॅकॉर्डची दुसऱ्या गाडीशी धडक झाली. धडक साधी होती, मुलगी उतरून घरी जायला हवी होती. पण पिशवीच्या डब्याचा तुकडा तिच्या मानेत शिरला आणि ती गेली. होंडाने त्याआधी, २००८ च्या नोव्हेंबरात, अशा सुमारे चार हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. त्या मुलीची गाडी त्या यादीत नव्हती.

यादी पुढे वाढतच गेली. चार हजारांचे लाख झाले, लाखांचे कोटी. अमेरिकेत ६ कोटी ७० लाख पिशव्या आणि जगभर मिळून सुमारे दहा कोटी! मोटारींच्या इतिहासात एवढे मोठे रिकॉल पूर्वी झाले नव्हते. सरकारी नोंदीप्रमाणे एकट्या अमेरिकेत किमान २८ माणसे मेली आणि ४०० वर जखमी झाली. कंपनीने चाचण्यांचे खोटे अहवाल मोटार कंपन्यांना दिले होते. २०१७ च्या जानेवारीत तिने गुन्हा कबूल करण्याचे आणि १०० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळे काढले. शाळेत नक्कल करणाऱ्या मुलाला आम्ही बाकावर उभे करीत असू. येथे नक्कल करणाऱ्यांनी माणसे मारली.

परंतु आम्हांला सर्वांत अधिक खटकली ती जुन्या गाड्यांच्या बाजाराची रीत. अमेरिकेत रिकॉल झालेली नवी गाडी दुरुस्त केल्याशिवाय विकता येत नाही, आणि २०१६ पासून मोठ्या भाडे-कंपन्यांना ती भाड्यानेही देता येत नाही. मात्र जुनी गाडी विकणाऱ्याला केंद्रीय कायद्याने अशी मनाई नाही. काचेवर "जशी आहे तशी" असा कागद लावला की तो मोकळा. कंपनीचे पत्र जाते ते नोंदलेल्या मालकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर. गाडी चार हात फिरली की पत्र कोठे पोहोचते, देव जाणे. २०१६ च्या मार्चमध्ये टेक्सासात १७ वर्षांची एक मुलगी २००२ च्या होंडा सिव्हिकमध्ये अशीच गेली. कंपनी म्हणाली, आम्ही अनेक पत्रे पाठविली होती. घरचे म्हणाले, आम्हांला ठाऊकच नव्हते.

लास वेगासचा प्रकार तर याहून विचित्र. तेथील एका बापाने आपल्या लेकीसाठी २००२ ची अ‍ॅकॉर्ड घेतली. ती गाडी पूर्वी अपघातात मोडून पुन्हा उभी केलेली होती, आणि दुरुस्त करणाऱ्याने तिच्यात भंगारातील दुसऱ्या गाडीची, रिकॉल झालेलीच, पिशवी बसविली होती. २०१७ च्या मार्चमध्ये ती फुटली. मुलीच्या श्वासनलिकेला इजा झाली, सुदैवाने ती वाचली. गाडीचा क्रमांक पाहून हा दोष कोणाला कळला असता? अलीकडे २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने आणखी एक इशारा दिला: अपघातानंतर स्वस्तात बसविलेल्या बनावट परदेशी पिशव्यांनीही माणसे मारली आहेत. गाडी घेताना "हिला पूर्वी अपघात झाला होता का?" हा प्रश्न म्हणूनच टाळू नये.

आता आपल्याकडे वळू. अमेरिकन सरकारने रिकॉलचे टप्पे ठरविले तेव्हा सर्वांत आधी नंबर लागला तो उष्ण आणि दमट मुलखाचा: फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताकाठची राज्ये, हवाई, पोर्टो रिको. नकाशा काढून पाहा. हवाई आणि पोर्टो रिको ही एके काळी आपल्यासारखीच उसाची बेटे होती, हवाही आपल्यासारखीच. नोव्हेंबर ते एप्रिल आपल्या गाड्या अंगणात कशा तापतात ते सांगायला नको.

शिवाय आपल्या कितीतरी गाड्या जपानहून वापरून आलेल्या. येथे एक अडचण आहे. अमेरिकेतील गाडीवर १७ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. सरकारी यादीत तो घातला की उत्तर लगेच मिळते. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीवर मात्र लहान चेसिस नंबर असतो आणि तो अमेरिकन यादीत सापडतच नाही. "काही नाही सापडले, म्हणजे गाडी चांगली" असे आपल्यापैकी कोणी समजला तर मोठी चूक होईल. तो नंबर त्या कंपनीच्या जपानी यादीत पाहावा लागतो किंवा येथील अधिकृत विक्रेत्याकडे नेऊन विचारावा लागतो. घरात संगणक जाणणारी मुले आहेत, त्यांना हे काम द्यावे.

भाच्याच्या दिव्याविषयी. तो दिवा आणि हे रिकॉल यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आम्हांलाही उशिरा कळले. दिवा लागतो तो तार, सेन्सर किंवा जोडणी बिघडली की. त्याचा अर्थ, धडकेच्या वेळी पिशवी कदाचित उघडणारच नाही. डब्यातील रसायन नासले तर कोणताही दिवा लागत नाही. गाडी शांत असते, दिवे सारे विझलेले, आणि दोष आत बसलेला. म्हणून दिवा नाही याचा भरवसा धरू नये, आणि दिवा आहे तर त्याचा बल्ब काढून टाकणाऱ्या मेकॅनिकला हात जोडावेत. घरच्या घरी स्टिअरिंग उघडण्याचे धाडसही नको. फ्लोरिडातच २०१६ मध्ये ८१ वर्षांचे एक गृहस्थ एका जुन्या गाडीत हातोडी घेऊन काम करीत असता पिशवी फुटून मरण पावले.

भाच्याने १७ आकडी क्रमांक घालून पाहिला. रिकॉल निघाला, चालकाच्या पिशवीचा, कधीही न केलेला. २००१ ते २००३ च्या काही होंडा व अ‍ॅक्युरा गाड्यांत तर चाचणीत दोनांतला एक डबा फुटण्यापर्यंत मजल गेली होती, आणि २०१६ मध्ये सरकारने त्या गाड्या चालवूच नका असे सांगितले होते. भाच्याची गाडी त्या जातीची नव्हती, तरी त्याची आई तीन रात्री झोपली नाही. आम्ही ताईला समजावीत होतो, पण खरे सांगायचे तर आम्हीही फोन उशाशी घेऊनच निजत होतो.

कंपनीच्या कार्यशाळेने गाडी ओढून नेली, डबा बदलला आणि एक सेंटही घेतला नाही. या पिशव्या मोटार कंपन्या आजही फुकट बदलून देतात. त्या तांबड्या दिव्यासाठी मात्र भाच्याला पदरचे पैसे मोजावे लागले. स्टिअरिंगखालची गुंडाळलेली तार तुटली होती. विकणाऱ्याकडे तो पुन्हा गेला, तेव्हा त्याने काचेवरच्या त्या कागदाची प्रत त्याच्या हातात ठेवली. खाली भाच्याची सही होती.