कुंडीतील बोगनवेल

कुंडीतील बोगनवेल हिरवीगार वाढते पण फुलत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. दोष बहुधा अधिक पाण्याचा व सावलीचा असतो. संत्र्याच्या बहारासाठी ताण देणाऱ्या बागाइतदारास हे निराळे सांगावयास नको. ही वेल मूळची ब्राझीलकडील. तिला दिवसातून निदान 5-6 तास ऊन हवे. वरची माती सुकल्यावाचून पाणी घालू नये. पाने किंचित मलूल झाली म्हणून घाबरू नये. नत्रखत बेतानेच द्यावे. कुंडीच्या बुडाशी भोक व त्यावर खापराचे तुकडे हवेतच. कोवळे फुटवे बांबूच्या कामट्यांच्या कमानीवर सुतळीने सैल बांधावेत; राठ फांदी वाकविताना मोडते. रंगीत दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, पाने होत. खरे फूल आत, इवलेसे असते. ते नव्या फुटीवर येते, म्हणून बहर ओसरताच शेंडे छाटावेत.